पोराचा चेंज-अप बंद करू का चालू ठेवू? (वय १३, पिचर, कोल्हापूर)

शिरोली_शिफ्टवाला

नमस्कार मंडळी. आधीच सांगतो, मी बेसबॉलवाला न्हवं. आमचं सगळं गांधी मैदानावर टेनिस बॉलवर गेलं आणि आता फौंड्रीत शिफ्ट करतोय, त्यामुळं काय चुकीचं बोललो तर सांभाळून घ्या.

पोरगा १३ वर्षांचा, आठवीत, उजव्या हाताचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा. दोन वर्षं झाली शाळेच्या टीममध्ये. फास्टबॉल बरा पडतो, म्हणजे त्याच्या वयाच्या मानानं जोरात, आणि दहातले सहा-सात स्ट्राईक, म्हणजे नीट टप्प्यात, असतात. मोबाईलवर बघून बघून त्यानं चेंज-अप, म्हणजे जरा हळू येणारा बॉल, शिकला, अंगठा आणि पहिल्या बोटाचा गोल करून धरायचा तो. घरात टीव्ही बघताना पण हातात बॉल तसाच धरून बसतो, जेवताना बाजूला ठेव म्हणून आईच्या शिव्या खातो.

तर मागच्या महिन्यात मॅच होती. शेवटची इनिंग, आम्ही एका रननं पुढं, दोन आऊट, दोन बेस भरलेले. समोर त्यांचा नवव्या नंबरचा बॅटर, बारकं पोरगं, हेल्मेट डोळ्यावर येतंय सारखं. दोन फास्टबॉल टाकले, दोन्हीला बॅट इतकी उशिरा की बॉल कॅचरच्या (आपल्या विकेटकीपरसारखा मागं बसतो तो) ग्लोव्हमध्ये जाऊन बसल्यावर फिरवली. आणि तिसरा ह्यानं चेंज-अप टाकला. त्या पोरानं तो शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधल्या फिल्डरच्या, डोक्यावरनं असा हाणला की बॉल फक्कीच्या रेघेच्या आतनं पार लिंबाच्या झाडापर्यंत गेला. दोन रन. मॅच गेली.

सरांनी सगळ्यांसमोर सांगितलं, ही नाटकं बंद, आता फक्त फास्टबॉल, आणि पुढच्या लेव्हलला जायचं असेल तर कर्व्ह, म्हणजे वळणारा बॉल, शीक. परवापासनं कर्व्हची प्रॅक्टिस सुरू झालीय आणि काल कोपराची आतली बाजू दुखतीय म्हणाला, आईनं आंबेहळद लावली. मला कळंना काय करू. चेंज-अपला खरंच काय किंमत आहे का हे मोबाईलमधलं खूळ आहे, आणि ह्या वयात कर्व्ह टाकायचा असतो का, आणि सरांना कसं सांगायचं कारण सर माणूस चांगला आहे, पोरांच्या मागं पदरचे पैसे घालतो, मला भांडायचं नाही.

---

पांढरा_रस्सा_वाढा

भावा बेसबॉलचं मला काय कळत नाही पण लहानपणी खासबागला कुस्त्या बघितल्यात. पैलवान हूल देतो तेव्हा मानेला हात घालतोय असं दाखवतो आणि खाली पट काढतो. पण समोरचा मानेकडं हात न्यायला तयार असला तरच हूल चालती. समोरचा आधीच अर्धा पडलेला असेल तर हूल कशाला, चीत कर की आणि गप घरी जा. तुमच्या पोरानं पडलेल्याला हूल दिली.

---

डावखुरा_माजी

वरच्या रस्सावाल्यानं एका ओळीत सगळं सांगितलं, तरी मी लांबड लावतो कारण हा माझा आवडता विषय आहे. विद्यापीठाच्या टीमकडनं तीन वर्षं पिचिंग केलंय, आता फक्त खांदा दुखतो.

चेंज-अप म्हणजे हळू बॉल न्हवं. हे आधी डोक्यातनं काढा. हळू बॉल कोण पण टाकेल. चेंज-अप म्हणजे फास्टबॉलसारखा दिसणारा बॉल जो उशिरा पोचतो. मेजर लीगमधला, म्हणजे अमेरिकेतल्या सगळ्यात वरच्या लीगमधला, पिचर ताशी ९० मैलांनी, म्हणजे साधारण १४५ किलोमीटरनं बॉल सोडतो तेव्हा तो होम प्लेटपर्यंत, म्हणजे बॅटरपर्यंत, यायला ०.४ सेकंदाच्या आसपास लागतात. ८० मैलांचा असेल तर जेमतेम पाच-सहा शतांश सेकंद जास्त. एवढ्याशा फरकात बॅट बॉलच्या आधी पुढनं निघून जाते कारण बॅटरनं ठरवलेलं असतं फास्टबॉल म्हणून. त्याला हातानंच फसवलंय, बॉलनं न्हवं. हात फास्टबॉलच्याच वेगानं यायला पाहिजे, ढोपर तेवढंच वाकलं पाहिजे, पाय तेवढाच लांब पडला पाहिजे. बॉल हळू होतो तो फक्त पकडीमुळं, बोटांच्या टोकावरनं जो शेवटचा ढकल बसतो तो बसत नाही कारण बॉल आत तळव्याकडं सरकवलेला असतो आणि जोराची दोन बोटं बाजूला गेलेली असतात.

आता तुमच्या मॅचचं. ते बारकं पोरगं फास्टबॉलला उशिरा येत होतं. त्याचा जो स्विंग होता तो बरोबर चेंज-अपच्या वेळेचाच होता! पोरानं त्याला हवा तो बॉल ताटात वाढला. म्हणजे बॉल चुकला नाही, गिऱ्हाईक चुकलं. चेंज-अप टाकायचा तो तिसऱ्या-चौथ्या नंबरच्या दांडग्याला, जो फास्टबॉलला वेळेवर किंवा आधीच येतोय, ज्यानं आत्ताच एक जोरात फाऊल, म्हणजे रेघेच्या बाहेर, ओढलाय. आणि उजव्या हाताच्या पिचरचा चेंज-अप शेवटाला खाली आणि त्याच्याच उजवीकडं सरकतो, म्हणजे डावखुऱ्या बॅटरपासनं लांब जातो. म्हणून डावऱ्यांना तो जास्त चकवतो. हे मला डावखुरा असून उलटं शिकायला लागलं, ते जाऊ दे.

एक विचारतो, पोराचा पंजा केवढा आहे? तो गोलवाला, सर्कल चेंज, लहान हाताला अवघड जातो. बॉल मोठ्यांचा आणि पोरांचा एकाच मापाचा असतो, घेर ९ इंच. मेजर लीगच्या पेद्रो मार्टिनेझचं बघून सगळी पोरं तेच करतात पण पेद्रोची बोटं बघा एकदा, इतकी लांब की देवानं चेंज-अपसाठीच करून पाठवलीत. तुमच्या पोराला आधी तीन बोटांचा द्या. पहिलं, मधलं, तिसरं अशी तिन्ही शिवणीवर आडवी ठेवायची, अंगठा आणि करंगळी खालनं आधाराला, आणि बॉल तळव्याला टेकत आलाय पण पुरता चिकटला नाही एवढा आत. आणि टाकायचा फास्टबॉल म्हणूनच. बास.

---

ढोलताशा_रविवार

मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. सरांचं पण बरोबर आहे की ओ. पोरगं दहातले सहा-सात स्ट्राईक टाकतंय म्हणता, म्हणजे अजून फास्टबॉलच मनासारखा पडत नाही. आत-बाहेर, वर-खाली म्हणेल तिथं पडायला लागला की मग बाकीचं. आमच्यातली एक-दोन चांगली पोरं ह्या नादात गेलेली बघितलीत, चार प्रकारचे बॉल येतात आणि एक पण धड नाही. आणि जग कुठं चाललंय बघा, मेजर लीगमध्ये फास्टबॉलचं सरासरी स्पीड आता ९४ मैलांच्या आसपास गेलंय. निवड करणारा माणूस आधी स्पीडच बघतो. भारतातली रिंकू सिंग (क्रिकेटवाला न्हवं) आणि दिनेश पटेल ही पोरं २००८ ला स्पीड मोजणाऱ्या स्पर्धेतनंच वर आली आणि पिट्सबर्ग पायरेट्स ह्या मेजर लीगच्या टीमनं साइन केली. भालाफेकवाली पोरं होती, चेंज-अपचं नाव तरी ऐकलं असेल का आधी?

शिवाय शाळेच्या टीमला वर्षात मॅच किती मिळतात, चार, फार तर सहा. हरलं की घरी. त्यात सर कशाला प्रयोग करू देतील.

---

डावखुरा_माजी

@ढोलताशा तुमचं अर्धं मान्य. फास्टबॉल आधी, शंभर टक्के. पण मॅच जिंकणं आणि पिचर घडवणं ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गोची तिथंच आहे. १३ वर्षांच्या वयात चेंज-अपचा फायदा स्कोअरबोर्डवर दिसत नाही, कारण समोरची निम्मी पोरं फास्टबॉललाच पोचत नाहीत. फायदा दिसतो १७-१८ ला, जेव्हा सगळेच पोचायला लागतात आणि नुसत्या जोरावर जगलेला पिचर अचानक मार खायला लागतो. तेव्हा शिकायला बसला तर हातात बॉलच बसत नाही, हा बॉल बोटांत मुरायला वर्षं लागतात. लोणच्यासारखं आहे, आज घातलं आणि उद्या वाढलं असं होत नाही.

मेजर लीगचा पिचर योहान सांतानाचं उदाहरण घ्या. हात चांगला, मिनेसोटाच्या टीममध्ये होता, पण २००२ ला खाली एडमंटनला ट्रिपल-ए मध्ये, म्हणजे मेजर लीगच्या एक पायरी खाली, पाठवला. तिथं बॉबी क्वेयार म्हणून पिचिंग कोच, त्यानं ह्याच्याकडनं मॅचमध्ये चेंज-अप टाकून टाकून घोटून घेतला, म्हणजे मार पडो न पडो टाकायचाच. २००४ आणि २००६ ला सांतानाला साय यंग अवॉर्ड (वर्षातल्या सगळ्यात भारी पिचरला देतात ते), दोन्ही वेळा एकमतानं. खालच्या लेव्हलला हरायची मुभा मिळाली म्हणून तो बॉल तयार झाला. आणि स्पीडवाल्यांनो, आत्ताचा डेट्रॉइटचा तारिक स्कूबल बघा, फास्टबॉल तुफान आहेच, पण बॅटर हवेत फिरतात ते चेंज-अपवर. २०२४ आणि २०२५ सलग दोन साय यंग.

ट्रेव्हर हॉफमन तर आधी शॉर्टस्टॉप होता. पिचर झाला, नंतर खांदा दुखावला आणि फास्टबॉलचा जोर उतरला. दुसरा कोण असता तर घरी बसला असता. ह्यानं टीममधल्या एकाकडनं चेंज-अपची पकड उचलली आणि त्यावर ६०१ सेव्ह (शेवटी येऊन जिंकत आलेली मॅच राखायची) करून २०१८ ला हॉल ऑफ फेममध्ये जाऊन बसला. स्पीड जातं हो, कुणाचंही जातं.

---

शिरोली_शिफ्टवाला

डावखुरा साहेब, गिऱ्हाईक चुकलं हे पोराला वाचून दाखवलं. पाच मिनिटं गप बसला आणि मग म्हणाला "म्हणजे बॉल चांगला पडला होता?" मॅच झाल्यापासनं पहिल्यांदा हसला.

पंजा लहान आहे. आणि एक कबूल करतो, मी पण त्याला मधे अक्कल शिकवलीय. क्रिकेटचा स्लोअर वन असतो ना, हाताच्या मागनं सोडायचा, तो मी त्याला गच्चीवर टाकून दाखवला. झहीरनं २०११ च्या वर्ल्डकपला वेस्ट इंडिजच्या स्मिथचा दांडा उडवलेला तो नकल बॉल पण दाखवला. चुकलं काय?

---

हाडवैद्य_नाही_फिजिओ

चुकलं. क्रिकेटमध्ये कोपर सरळ असतं, इथं वाकून झटक्यानं उघडतं. दोन्हीचं मनगटाचं काम वेगळं. तुमचे प्रयोग बंद करा आधी.

आता कोपराचं, कारण हा धागा चेंज-अपवर चाललाय आणि पोराचं कोपर दुखतंय ही बातमी सगळ्यांनी ओलांडून पुढं गेला. १३ वर्षांच्या पोराच्या कोपराच्या आतल्या बाजूला हाडाचं वाढीचं टोक अजून जोडलेलं नसतं, ते कुर्चेचं असतं, म्हणजे लिगामेंटपेक्षा तेच आधी ओढलं जातं. तिथं दुखलं तर आंबेहळद लावून दुसऱ्या दिवशी परत बॉल टाकायचा नाही. टाकणं बंद, दुखणं पूर्ण थांबेपर्यंत, आणि आठवड्यात कमी नाही आलं किंवा हात सरळ होत नसेल तर हाडांच्या डॉक्टरला दाखवून एक्स-रे. हे मी स्क्रीनवरनं तपासू शकत नाही.

कर्व्हनं कोपर जातं का? प्रामाणिकपणे सांगायचं तर दोन बाजू आहेत. २००२ ला अमेरिकेत ९ ते १४ वयाच्या ४७६ पिचर पोरांचा सीझनभर अभ्यास झाला होता, त्यात कर्व्ह टाकणाऱ्यांना खांदेदुखीचा धोका ५२ टक्के जास्त आणि स्लायडर (तो पण वळणाराच बॉल) टाकणाऱ्यांना कोपरदुखीचा ८६ टक्के जास्त दिसला. चेंज-अपवाल्यांना उलट दुखणं कमी. पुढं २००८ ला प्रयोगशाळेत कॅमेरे लावून पोरांच्या कोपरावरचा ताण मोजला तर कर्व्हचा ताण फास्टबॉलपेक्षा कमीच निघाला, आणि सगळ्यात कमी निघाला चेंज-अपचा. म्हणजे कर्व्ह गुन्हेगार आहे का नाही ह्यावर वाद आहे पण चेंज-अप निर्दोष आहे ह्यावर दोन्ही अभ्यासांचं एकमत. आणि खरा गुन्हेगार वेगळाच आहे, एकूण किती बॉल टाकले तो आकडा. तो कोण मोजतच नाही आपल्याकडं.

मेजर लीग आणि यूएसए बेसबॉल ह्यांची पिच स्मार्ट म्हणून नियमावली आहे. १३-१४ वयाला दिवसाला जास्तीत जास्त ९५ बॉल, ६६ किंवा त्याच्यावर टाकले तर चार दिवस पूर्ण सुट्टी. त्यातच ह्या वयासाठी लिहिलंय की फास्टबॉल आणि चेंज-अप दोन्ही नीट बसल्यावर मग कर्व्हसारखे वळणारे बॉल सुरू करा. हे सरांना दाखवा. तुम्ही नका सांगू, कागद सांगू दे. आणि पिचिंग संपल्यावर त्याच दिवशी पोराला कॅचर म्हणून बसवतात का? बसवत असतील तर ते पण थांबवा.

---

शिरोली_शिफ्टवाला

बसवतात. 🙁 आजपासनं बॉल बंद, दुखायचं राहीपर्यंत. आईनं बॉल कपाटात कुलूप लावून ठेवलाय.

---

घाटगे_कॉलनी_सॉफ्टबॉल

मी सॉफ्टबॉल खेळायचो (होय बाईच आहे, कोल्हापूरची आहे, "खेळायचे" माझ्या तोंडात येत नाही). आता पोरींना शिकवतो. आमच्यात हात खालनं फिरतो, बॉल मोठा, १२ इंच घेराचा, आणि पिचर ४३ फुटांवर उभी, त्यामुळं चेंज-अप हा आमच्याकडं मीठच आहे. तरी पण फसवणुकीचं गणित तेच.

वर सगळ्यांनी कधी टाकायचा ते सांगितलं, मी चोरी कुठं पकडली जाते ते सांगतो. मी बॅटिंगला असताना पिचरच्या हाताकडं बघायचोच नाही, ग्लोव्हकडं बघायचो. फास्टबॉलची पकड झटकन बसते. चेंज-अपची पकड शोधायला बोटं आत चाचपडतात, आणि ग्लोव्ह फुगतो, कोंबडी पंख पसरते तसा. फुगला की मी मागच्या पायावर थांबायचो, मग तो बॉल म्हणजे फुकटचं हळदी-कुंकू. ह्याला उपाय एकच, दर वेळी ग्लोव्हमध्ये आधी चेंज-अपचीच पकड करून उभं राहायचं आणि फास्टबॉल टाकायचा असेल तर तिथनं बदलायचं. अवघड पकड आधी, सोपी नंतर. तेव्हा ग्लोव्ह हलला तरी सोप्याकडंच जातोय.

दुसरी चोरी हाताची. पोरांना मनातनं वाटतं हळू टाकायचाय, मग हात आपोआप हळू होतो. सांगून कळत नाही. मी काय करतो, त्यांना कधी सांगतच नाही की हा हळू बॉल आहे. पकड देतो आणि म्हणतो आता जीव खाऊन टाक. सुरुवातीला बॉल जमिनीत जाईल, कॅचरच्या डोक्यावरनं जाईल, जाऊ दे. वॉर्म-अपला लांबनं झेला-झेली करतात ना, त्यातले शेवटचे दहा-पंधरा त्याच पकडीनं टाकायचे. लांब टाकायचं म्हटलं की हात हळू करताच येत नाही, पोचणारच नाही बॉल.

आणि परीक्षा घ्यायची घरची. जाळीच्या मागं एकजण बसायचं आणि बॉल सुटायच्या आधी ओरडायचं, फास्ट का चेंज. दहातले पाच बरोबर आले म्हणजे नुसता अंदाज चाललाय, पोरगं पास. आठ-नऊ आले तर कुठंतरी गळतंय.

सरांचं एक. आमच्यात पण मी पोरींना मॅचमध्ये कच्चा चेंज-अप टाकू देत नाही. पण चार-पाच रननी पुढं असलो आणि बेस रिकामे असले की उलट सक्ती, प्रत्येक बॅटरला एक तरी पडलाच पाहिजे. तुमच्या सरांना ही तडजोड विचारून बघा. "बंद करू नका" म्हणण्यापेक्षा "कधी टाकू" विचारलं की कुठलाही कोच खुर्ची ओढून बसतो.

---

ढोलताशा_रविवार

हे पटलं. पुढं असताना सक्ती, अडचणीत असताना बंदी. मी माझं उलटं बोलणं अर्धं मागं घेतो. स्पीडचं नाही घेत.

---

पांढरा_रस्सा_वाढा

मला आता बेसबॉल कळायला लागलंय, बायको विचारतीय रात्री बारा वाजता कुणाशी पिचिंगवर भांडताय.

---

शिरोली_शिफ्टवाला

उशीर झाला, शिफ्ट बदलली होती. अपडेट देतो.

कोपर आता दुखत नाही, तरी डॉक्टरांना दाखवलं, एक्स-रे साफ आला, पंधरा दिवस आराम सांगितलेला तो झाला. हळूहळू परत सुरू करा म्हणालेत. कर्व्ह तूर्त नाही. सरांशी अजून पूर्ण बोललो नाही, नियमांचा कागद काढून मराठीत लिहून दिलाय, त्यांनी खिशात घातला. वाचला का नाही माहीत नाही, पण रविवारी पोराला पिचिंगनंतर कॅचर म्हणून बसवलं नाही एवढं खरं.

तीन बोटांची पकड दिली. काल संध्याकाळी बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये जाळी बांधून ताईंची परीक्षा घेतली, डॉक्टरांनी सांगितलंय म्हणून अर्ध्या अंतरावरनं, मोजून वीस बॉल. पहिले दहा मी जाळीमागं बसलो. ग्लोव्हकडं बघ बघ बघितलं, काय कळंना. दहातले पाच बरोबर. म्हटलं पास झालं पोरगं, लई आनंद.

आई तिकडं पायरीवर मेथी निवडत बसली होती, मान खाली. पुढच्या दहाला ती ओरडायला लागली. हळू. जोरात. जोरात. हळू. दहातले दहा! मी म्हटलं तुला कसं कळतंय, तू तर बघत पण नाहीस. म्हणाली मधनंमधनं बघते की, हळूवाल्याला जीभ बाहेर येते त्याची, पहिलीत पाटीवर श्री काढताना यायची तश्शी.

पोराला सांगितलं जीभ आत ठेव. जमंना. मग त्यानंच डोकं चालवलं, आज सकाळपासनं फास्टबॉलला पण जीभ बाहेर काढतोय. आईचे दहातले सहावर आलेत.